वरच्या मजल्यावरचं जमैका

शाळेत भूगोल शिकवताना जमैका मी दोन ओळींत संपवत असे. ऊस, केळी, बॉक्साइट, राजधानी किंग्स्टन, चला, पुढचा धडा उघडा. तिथली माणसं गातही असतील, हे परीक्षेला येत नव्हतं, त्यामुळे माझ्याही मनात आलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर मात्र तो देश थेट माझ्या डोक्यावर येऊन राहिला. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत, बरोब्बर आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये, शोभा वानखडे राहायला आल्या.

आल्या त्याच रविवारी आमच्या फळीवरचे स्टीलचे डबे बारीक थरथरायला लागले. गाणं असं काही ऐकू येत नव्हतं. नुसती एक जाड, संथ धडधड छतातून खाली उतरत होती. आमच्या ह्यांनी ताबडतोब निदान केलं, की सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलं. सेक्रेटरींना घेऊन खाली गेले, तर पंप बंद. मग वॉचमनने सुचवलं, वरच्यांकडे इडलीचं पीठ वाटायचं यंत्र असेल. "अमरावतीची माणसं आहेत ती," हे म्हणाले, "एवढ्या इडल्या कुणासाठी?" शेवटी चौकशीला मला पाठवलं. अप्रिय कामं बायकोकडे सोपवायची आमच्याकडे जुनी पद्धत आहे.

दार उघडलं ते चाळिशीच्या एका बाईनं. ठेंगणी, सावळी, पदर खोचलेला, रविवार असूनही गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि हातात पाणी गळणारी काळी तबकडी. "आवाज येऊन राहिला का खाली? या नं, आत तं या," म्हणत त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. तिथे ओट्यावरच्या ताटाळ्यात खालच्या रांगेत ताटं होती आणि वरच्या रांगेत रेकॉर्डी निथळत होत्या. बाई दर रविवारी रेकॉर्डी धूत. साध्या पाण्यानं, मऊ फडक्यानं, मधला कागद ओला होऊ न देता. एका कोपऱ्यात त्यांच्या सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून अशी मान हलवली, की समजून घ्या, आम्हीही समजून घेतलंय.

तक्रार करायला गेलेली मी जेवून खाली आले. नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा घातलेला भात होता. ह्यांच्यासाठी डबा दिला होता. "मसालेभात करता करता मोडला वाटतं," असा अभिप्राय देऊन ह्यांनी दोनदा घेतला. पुढच्या रविवारी डबे थरथरायला लागले तेव्हा पंपाचं नाव कुणी काढलं नाही. डबा मात्र धुऊन तयार ठेवला होता.

बाई हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टिंगला होत्या. म्हणजे पोरं प्रोग्रॅम लिहिणार आणि ह्या त्यातल्या चुका शोधणार. "दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार भेटते मले," त्या म्हणायच्या, "पुण्यात तं लोक हे फुकटात करतात." ऑफिसात त्या शुद्ध पुस्तकी मराठी आणि त्याहून शुद्ध इंग्रजी बोलत. घरात शिरल्या, चपला काढल्या, की अमरावती. नवरा खडकीच्या कारखान्यात, मितभाषी. मुलगी मिनू तेव्हा शाळेत होती, आणि ती आईच्या गाण्यांना 'आईचं लेफ्ट-राइट' म्हणे.

त्या गाण्यांचं नाव रॉकस्टेडी. मला बाईंनी समजावलं ते असं: जमैकात आधी एक धावती चाल होती, नाचता नाचता माणसं दमायची. मग ती चाल सावकाश झाली, ते रॉकस्टेडी. त्यातून पुढे रेगे निघालं. यात पुढारी गायक नसतो. जाड, खालच्या सुरांची बेस गिटार असते. गायक तिच्या खांद्यावर हात ठेवून चालतो. कुठल्याही बाबतीत कुणी घाईनं मत दिलं, की बाई हात वर करून म्हणत, "थांबा, बेस येऊ द्या." निवडणुकीचा निकाल असो, नव्या सुनेबद्दलची कुजबुज असो, बेस आल्याशिवाय बाई बोलत नसत. सोसायटीत हा वाक्प्रचारच झाला. सेक्रेटरी सभेत म्हणाले होते, "लिफ्टच्या कंत्राटाबद्दल अजून बेस आलेला नाही."

त्यांच्याकडच्या रेकॉर्डी मूळच्या नव्हत्या. मूळच्या रेकॉर्डी जमैकातल्याही लोकांनी वाजवून वाजवून झिजवल्या. आता परदेशात कुणी कुणी तीच गाणी नव्यानं छापतात, त्या रीइश्यू बाई आणत. ऑफिसातली पोरं कंपनीच्या कामाला लंडनला गेली, की येताना सगळ्यांसाठी चॉकलेटं आणि वानखडे मॅडमसाठी शर्टांच्या घडीत गुंडाळलेली रेकॉर्ड. पुढे घरबसल्या मागवायची सोय झाली.

एकदा कॅम्पातले एक संग्राहक गृहस्थ बाईंचा संग्रह बघायला आले. पांढरी दाढी, रेशमी कुर्ता. एकेक रेकॉर्ड बाहेर काढत, उलटीसुलटी करत शेवटी म्हणाले, "सगळ्या रीइश्यूच आहेत की. ओरिजिनल एकही नाही?"

"तुमच्याकडं आहेत?" बाईंनी चहा पुढे करत विचारलं.

"आहेत ना. पुष्कळ."

"वाजवता?"

"छे! खराब होतील."

"मंग काय मुरवायले ठेवल्या का?" बाई म्हणाल्या. "माह्या आजीच्या लग्नातलं पितळी पातेलं आहे माह्याकडं. दरसाल कल्हई करते अन् त्यात भात शिजवते. रीइश्यू म्हणजे कल्हई, दादा. भांडं तेच. पोट भरते."

गृहस्थांनी चहा संपवला आणि भात होईपर्यंत थांबले. जाताना जिन्यात मला म्हणाले, "विचित्र बाई आहे." मी म्हटलं, "हो, खाऊ घालते." पुण्यात हा विचित्रपणाच समजला जातो.

पण ह्या बाईला हे वेड लागलं कुठून, हे मला बरेच दिवस कळलं नाही. विचारलं की त्या भाताकडे वळत. एका संक्रांतीला आम्ही दोघी तिळाची वडी थापत होतो, तेव्हा त्या आपणहून बोलल्या.

सन दोन हजार लागताना जगभरचे कॉम्प्युटर गोंधळतील अशी धास्ती होती, ती आठवत असेल. त्या कामासाठी कंपनीनं बाईंना बर्मिंगहॅमला पाठवलं. मिनू चार वर्षांची. तिला सासूबाईंच्या ओटीत टाकून बाई गेल्या. तिथे एका म्हाताऱ्या जमैकन बाईच्या घरी वरच्या मजल्यावर खोली घेतली. तिचं नाव मिस आयव्ही. नवरा वारलेला. तो तरुणपणी मोठमोठे स्पीकर घेऊन लोकांच्या समारंभात रेकॉर्डी वाजवायचा. त्या धंद्यात एक रीत होती: आपल्याजवळच्या चांगल्या रेकॉर्डीवरचं नाव खरवडून काढायचं. नाहीतर दुसरा वाजवणारा येऊन, नाव वाचून, तीच रेकॉर्ड पैदा करायचा.

"आपल्या बायका नाही का गोड्या मसाल्याची कृती सांगताना एक जिन्नस गाळतात? तसं," बाई म्हणाल्या. मी वडीवर खोबरं पसरत होते. मान वर केली नाही.

त्या घरात पुढची एक खोली होती. काचेची कपाटं, विणलेले रुमाल, नवऱ्याचा फोटो, आणि रेकॉर्डी. भाडेकरूनं तिथे पाय ठेवायचा नाही असं कुणी सांगितलं नव्हतं; पण बाईंना ते दुसऱ्याचं देवघर वाटे, म्हणून त्या कधी गेल्या नाहीत. दर रविवारी मिस आयव्ही चर्चमधून आली, की रेकॉर्ड लावी. वर बाईंच्या खोलीची जमीन थरथरे. त्या बेसवर एक बाईमाणूस गाई. ओळ एकच, पुन्हा पुन्हा. बोलीतल्या इंग्रजीतल्या त्या ओळीचा अर्थ एवढाच, की पोरी खाली ये, भात निवतोय. गाणं संपलं की थोड्या वेळानं जिन्याच्या पायरीवर झाकलेली थाळी ठेवलेली असे.

मग एका रविवारी पुण्याहून फोन आला. मिनूला विषमज्वर झाला होता, दवाखान्यात ठेवलं होतं. बाईंनी साहेबांना सांगितलं. काम पुरं झाल्याशिवाय सोडता येणार नाही, असं उत्तर मिळालं. बाई खोलीत जमिनीवर बसून राहिल्या. खालून ते गाणं आलं. त्या दिवशी ते थांबलंच नाही म्हणे. रेकॉर्ड संपे, पुन्हा लागे, आणि ती बाई पुन्हा गाई.

"मिनू बरी झाली. मी आली परत," बाई म्हणाल्या. "पण मले एक गोष्ट अजून खाते, बाई. माही पोरगी तापानं फणफणत होती, अन् मी तिकडं गाणं ऐकून राहिली होती. अन् बरं वाटून राहिलं होतं मले. ते गाणं एकदा सापडलं पाह्यजे. एकदा पुन्हा ऐकलं, की समजंल मले, त्यात असं काय होतं ते."

"तिला विचारलं नाहीत, कुणाचं गाणं म्हणून?"

"विचारलं नं. निघायच्या आदल्या दिवशी. इतकी हसली, इतकी हसली! म्हणे, त्याला नाव नाही. मी समजली, खरवडलेली रेकॉर्ड असंल."

पुढे ऑफिसातलं कुणी तिकडे गेलं तेव्हा मिस आयव्ही वारली होती. घर विकलं गेलं होतं, रेकॉर्डी कुठे गेल्या कुणाला माहीत नव्हतं. तेव्हापासून बाई रीइश्यू मागवत होत्या. ते एक गाणं कुणीतरी, कधीतरी पुन्हा छापेल या आशेवर.

यात आणखी एक मेख होती. जमैकात एकाच बेसवर दहा जण दहा गाणी म्हणतात. आपल्याकडे एका चालीवर पाच आरत्या बसतात तसंच. त्यामुळे तो ओळखीचा बेस बाईंना वारंवार भेटे. नवी रेकॉर्ड आली, की मला वर बोलावणं यायचं. सुई टेकायची, बेस सुरू व्हायचा आणि बाई माझं मनगट घट्ट धरायच्या. "हाच! हाच, बाई!" आणि मग कुणीतरी पुरुष भलतंच गायला लागे. बाई हात सोडत, सुई उचलत आणि म्हणत, "चला, भात टाकते." एकदा त्यांनी सुई उचललीच नाही. रेकॉर्ड संपून खरखरत राहिली आणि त्या खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत राहिल्या. मला फार वाईट वाटलं. ते गाणं एक गाणं म्हणून मी कधीच शोधलं नसतं. पण या बाईसाठी ते सापडावं असं मला देवाशपथ वाटायला लागलं.

मिनू इंजिनिअरिंगला गेली त्या वर्षीची गोष्ट. आश्विनातले दिवस होते. रविवारी दुपारी वरती नेहमीचं सुरू झालं आणि माझे डबे थरथरायला लागले. मी आडवी झाले होते. त्या बेसवर कुणी बाई गात होती. शब्द कळत नव्हते, पण आवाज असा होता, की उठावंसं वाटेना. दुसऱ्या दिवशी बाई भाजी घेऊन येताना जिन्यात भेटल्या. मी म्हटलं, "कालची रेकॉर्ड छान होती हो. ती बाई कोण गाणारी?"

"कोणती बाई?"

"काल दुपारी नाही का लावली होतीत?"

"काल तं मी वर्शन लावलं होतं," बाई म्हणाल्या. छोट्या रेकॉर्डीच्या पाठीमागच्या बाजूला तेच गाणं गायकाचा आवाज काढून टाकून नुसतं वाजवलेलं असतं, त्याला वर्शन म्हणतात, हे मला एव्हाना माहीत होतं. "वर्शनात कोणी गातच नाही, बाई."

"मी माझ्या कानांनी ऐकलं."

"आमच्या सासूबाई असतील मंग. भुलाबाईची गाणी, तुमच्या भोंडल्यासारखी, म्हणत होत्या ओट्यापाशी, ज्वारीच्या पिठाची..."

आणि बाई बोलता बोलता थांबल्या. हातातली पिशवी त्यांनी पायरीवर ठेवली. कोथिंबीर बाहेर घरंगळली, ती उचलायचं भान त्यांना नव्हतं. "तुमाले खालून वाटलं," त्या सावकाश म्हणाल्या, "रेकॉर्डीतलीच बाई गाऊन राहिली?"

"हो."

"एकत्रच? बेस अन् बाई?"

"अहो, वेगळं कसं वाटणार? छतातून येतंय सगळं."

बाई पायरीवर बसल्या. मग एकदम उठल्या, पिशवी तिथेच टाकून वर धावत गेल्या. पाच मिनिटांत खाली आमच्या दारात हजर.

"रिप्रोड्यूस करून पाहू," त्या म्हणाल्या. चूक सापडली असं वाटलं, की ती पुन्हा मुद्दाम घडवून बघायची, ही त्यांच्या कामातली शिस्त. वर मिनूला त्यांनी दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. तोच ओळखीचा बेस असलेल्या एका रेकॉर्डीची पाठीमागची बाजू लावायची. ती रेकॉर्ड कितीतरी वर्षं कपाटात होती. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन, ओट्याकडे तोंड करून, आईनं शिकवलेली ती एक ओळ म्हणत राहायची.

बाई आमच्या स्वयंपाकघरात खाली जमिनीवर बसल्या, भिंतीला पाठ टेकून. ह्यांनी काही विचारायला तोंड उघडलं, मी डोळे वटारले. वर सुई टेकली. डबे थरथरले. बेस आला. आणि मग त्यावर मिनूचा आवाज आला. कच्चा, जरा लाजलेला, छतातून गाळून आलेला: पोरी खाली ये, भात निवतोय. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

बाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. मला वाटलं रडताहेत. जवळ गेले तर त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते वेगळंच.

"रेकॉर्ड नव्हतीच व माय," त्या म्हणाल्या. "म्हातारी गात होती. चुलीपाशी उभी राहून मले जेवाले बोलवत होती. दर रविवारी. अन् मी वर बसून म्हणे, वा, काय गाणं आहे! म्हणून हसली ती इतकी. नाव काय सांगंल? ते तं माह्यासाठी होतं!"

"आणि तुम्ही कधी गेला नाहीत खाली," हे म्हणाले. पुणेकराला अशा वेळीसुद्धा राहवत नाही.

"नाही नं गेली, काका! वाट पाहून पाहून बिचारी थाळी पायरीवर आणून ठेवे." बाई पदरानं डोळे पुसत पुन्हा हसायला लागल्या. मग हसू ओसरलं आणि त्या हलक्या आवाजात माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्या दिवशी किती वेळ गायली ती, बाई. मी गाणं ऐकत नव्हती बसली. मले कोणीतरी बोलवत होतं. एकटी नव्हती मी त्या घरात."

तेवढ्यात वरून मिनू ओरडली, "आई, अजून किती वेळ गाऊ?" तेव्हा तापात पडलेल्या त्याच पोरीचा तो चांगला दणदणीत आवाज ऐकून मला इतकं सुटल्यासारखं वाटलं, की मीही बसले खाली जमिनीवर. ह्यांनी चहा टाकला. हे त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा केलं असेल.

त्यानंतर बाईंचं रेकॉर्डी मागवणं थांबलं असं वाटेल. तसं झालं नाही. मागवत राहिल्याच. फक्त सुई टेकताना माझं मनगट धरणं थांबलं. "आता गाणं गाण्यासारखं ऐकते," म्हणाल्या. सासूबाईंना त्यांनी हक्काची वर्शनं लावून द्यायला सुरुवात केली आणि आमच्या छतातून भुलाबाई, पाळणे, कसले कसले अभंग, सगळं त्या संथ बेसवर चालत यायला लागलं. ऑफिसात त्यांनी नव्या पोरांना ही गोष्ट सांगितली म्हणे. तात्पर्य असं, की चूक शोधायची तर आधी आपण बसलोय कुठे ते बघा.

मिनूला नोकरी लागली, बाईंच्या नवऱ्याची खडकीतली नोकरी संपली, आणि त्यांनी अमरावतीला घर बांधलं. निघायच्या आधीचा रविवार मला लख्ख आठवतो. सकाळपासून वर खोकी ओढल्याचे आवाज येत होते. मी ठरवलं होतं, की आज मध्ये मध्ये करायचं नाही, त्यांच्या घाईत आपली भर नको. मी पोळ्यांची कणीक भिजवायला घेतली. एवढ्यात फळीवरचे डबे थरथरले. म्हणजे रेकॉर्डीचं मशीन अजून बांधलं नव्हतं. बेस आला, रमतगमत, नेहमीसारखा. आणि मग बाईंचा आवाज. बेसूर, खणखणीत, अस्सल अमरावतीचा. गात होत्या:

"बाई वर या, वर या... भात निवून राहिला..."

मी कणकेचे हात तसेच घेऊन उठले. "अगं, गाणं तरी पुरं होऊ दे त्यांचं," हे म्हणाले.

मी थांबले नाही. वर दार सताड उघडं होतं. खोल्या रिकाम्या झाल्या होत्या, त्यामुळे आवाज घुमत होता. बाई माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभ्या होत्या, पदर खोचलेला, हातात डाव, कल्हईच्या पातेल्यातून वाफ निघत होती. ताटाळ्यात वरची रांग मोकळी होती. खालची ताटं वाढायला घेतली होती.